अवघड इंग्रजी शब्द कसे शिकायचे: व्याख्या, वाक्य आणि नेमका मराठी अर्थ

परीक्षांच्या तयारीसाठी मिळणाऱ्या शब्दयाद्यांत 'मिटिगेट', 'अ‍ॅलिव्हिएट', 'कर्टेल' आणि 'अबेट' या चारही शब्दांपुढे बहुतेक वेळा एकच अर्थ छापलेला असतो: कमी करणे. यादी पाठ होते, चाचणीत खूणही बरोबर पर्यायावर पडते. पण अर्ज किंवा निबंध लिहिताना 'द गव्हर्न्मेंट अबेटेड द बजेट' असं वाक्य कागदावर उतरतं, आणि ते चुकीचं असतं.

आता मराठीकडे बघा. पाऊस ओसरतो. खर्चाला कात्री लागते. महागाईची झळ कमी होते. दुखणं सुसह्य होतं. या चार गोष्टींसाठी आपण चार वेगळे शब्दप्रयोग सहज करतो. 'खर्च ओसरला' असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीतले ते चार शब्दही जवळपास याच चार जागांवर बसतात: अबेट म्हणजे ओसरणे, कर्टेल म्हणजे कात्री लावणे, मिटिगेट म्हणजे झळ कमी करणे, अ‍ॅलिव्हिएट म्हणजे सुसह्य करणे. मराठी अर्थ लिहिण्यात काहीच चूक नाही. घाईने लिहिलेला, सगळ्यांना एकाच मापाने मोजणारा मराठी अर्थ मात्र नुकसान करतो.

ज्यांना साधं इंग्रजी वाचता येतं, बातमी समजते, पण अग्रलेख, संशोधनपर लेख किंवा परीक्षेतले उतारे अडवतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी हाताशी काय हवं

- एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड हे चारही ऑनलाइन फुकट पाहता येतात. एकच मुख्य धरा, दुसरा पडताळ्यासाठी ठेवा.
- शंभर पानी वही किंवा पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कोरी कार्डं. मोबाइलवर करायचं असेल तर 'अँकी' हे अ‍ॅप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.
- रोज वाचायचा एक इंग्रजी स्रोत: एखाद्या दैनिकाचं संपादकीय पान किंवा तुमच्या विषयातलं मासिक.
- दिवसाची 35 ते 40 मिनिटं. त्यातली 15 उजळणीसाठी राखीव.

इंग्रजी-मराठी शब्दकोश या यादीत मुद्दाम घातलेला नाही. तो लागेल, पण शेवटी.

1. आपली पायरी ओळखा

अग्रलेखातला साधारण 100 शब्दांचा एक परिच्छेद घ्या. ज्यांचा अर्थ सांगता येत नाही अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. दोन-तीन रेघा पडल्या तर तुम्ही अवघड शब्दांकडे वळायला तयार आहात. पाच-सहाच्या वर गेल्या तर थोडं थांबा. आधी नेहमीच्या वापरातले तीन हजार शब्द पक्के करा. ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर 'ऑक्सफर्ड 3000' ही यादी पातळीनुसार मांडलेली आहे, तीच पुरेशी.

ही पायरी गाळू नका. पाया कच्चा असताना वरचे शब्द घेतले, तर व्याख्येतलेच शब्द कळत नाहीत. मग एका शब्दासाठी चार शब्द उघडावे लागतात आणि दहा दिवसांत वही बंद पडते.

2. शब्द निवडा, समोर येईल तो प्रत्येक घेऊ नका

निवडीचा साधा नियम: एखादा शब्द दोन वेगळ्या ठिकाणी दोनदा भेटला तर वहीत घ्या. एकदाच भेटलेला शब्द बाजूच्या कागदावर टिपून ठेवा, पुन्हा भेटला तर बढती द्या. वाचनातून आलेल्या शब्दासोबत त्याचं वाक्य आणि प्रसंग येतो, म्हणून तो टिकतो.

तयार यादी हवीच असेल, तर शैक्षणिक लेखनातून काढलेली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' घ्या. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या या यादीत 570 शब्दकुटुंबं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं असे गट, आहेत. आधी ती चाळणीतून काढा. प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक खूण करा: वापरता येतो, वाचताना कळतो, माहीत नाही. बहुतेकांचा सगळ्यात मोठा ढीग मधला निघतो, आणि काम तिथूनच सुरू करायचं. अर्धवट ओळखीचा शब्द वापरात आणायला नव्या शब्दापेक्षा कमी कष्ट पडतात.

वेग ठरवून घ्या: दिवसाला पाच नवे शब्द, आठवड्यातले सहा दिवस, सातव्या दिवशी फक्त उजळणी. म्हणजे आठवड्याला 30. या वेगाने 570 शब्दांची पूर्ण यादी 19 आठवड्यांत संपते. रोज वीस-पंचवीस शब्दांचा नेम करणाऱ्यांवर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा डोंगर कोसळतो, तेव्हा उत्साहाच्या भरातही पाचावरच थांबा.

3. व्याख्या वाचायची रीत

हे या सगळ्या कामाचं हृदय आहे, म्हणून इथे वेळ द्या.

लर्नर्स डिक्शनरी वेगळी का, ते आधी समजून घ्या. साधा इंग्रजी कोश इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी असतो. अवघड शब्द तो तितक्याच अवघड शब्दांनी समजावतो. लर्नर्स डिक्शनरी ठरावीक सोप्या शब्दांतच व्याख्या करते. लाँगमनच्या व्याख्या सुमारे 2000 शब्दांत बसवलेल्या आहेत. या प्रकारचा एक आरंभीचा कोश 1935 साली आला, आणि त्याचे कर्ते मायकेल वेस्ट हे बंगालमध्ये शिक्षण खात्यात काम केलेले. ऑक्सफर्डच्या कोशाचा पूर्वज 1942 साली टोकियोत छापला गेला, जपानी विद्यार्थ्यांसाठी. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्याला नेमकं काय अडतं हे पाहूनच हे कोश घडले.

व्याख्या समोर आली की तिला चार प्रश्न विचारा.

*कोण किंवा काय?* माणसाबद्दल आहे, वस्तूबद्दल की परिस्थितीबद्दल? 'गलिबल' फक्त माणसं असतात. 'टेंटेटिव्ह' हे बेत किंवा हालचाल असू शकते.

*कशाचं?* क्रियापद असेल तर त्याचं कर्म कोणतं चालतं? 'एक्झॅसर्बेट' म्हणजे वाढवणं, पण जे आधीच वाईट आहे तेच: समस्या, ताण, टंचाई, दमा. फायदा किंवा उत्पन्न 'एक्झॅसर्बेट' होत नाही. मराठीत 'चिघळवणे' म्हटलं की जखम, वाद, प्रश्न हेच डोळ्यांपुढे येतं, तसंच.

*फरक कुठे?* जवळच्या शब्दापासून हा शब्द वेगळा करणारा तुकडा व्याख्येत असतोच. तो शोधून त्याखाली रेघ मारा. 'रेटिसंट' याच्या व्याख्येत 'लोकांना काही सांगायला' नाखूश, असा तुकडा असतो. तो वगळला की उरतो नुसता 'नाखूश', आणि 'रिलक्टंट'शी गल्लत होते. जायला नाखूश असलेला 'रिलक्टंट', आपल्या पगाराबद्दल बोलायला नाखूश असलेला 'रेटिसंट'.

*बोलणाऱ्याचं मत काय?* व्याख्येच्या आधी 'डिसअ‍ॅप्रूव्हिंग', 'अ‍ॅप्रूव्हिंग', 'फॉर्मल', 'लिटररी', 'ओल्ड-फॅशन्ड' अशी छोटी पाटी असते. घाईत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या पाटीकडे, आणि सगळ्यात महागही तेच पडतं. 'नोटोरियस' म्हणजे प्रसिद्ध, पण वाईट गोष्टीसाठी. प्राचार्यांच्या निरोप समारंभात त्यांना 'नोटोरियस' म्हटलं तर काय होईल, याची कल्पना करा. 'कम्प्लेसंट' समाधानी वाटतो, पण त्यावर नापसंतीची पाटी आहे; मराठीत तो 'गाफील'च्या जवळ जातो.

कोशात एका शब्दाखाली दोन-तीन क्रमांकित अर्थ असतात. ज्या वाक्यात शब्द भेटला त्यात बसणारा एकच अर्थ आज घ्या. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंध. दोन्ही एकाच दिवशी एकाच कार्डावर लिहिले तर महिन्याभराने दोन्हीबद्दल शंका राहते.

4. मराठी अर्थ लिहा, पण व्याख्येनंतर

व्याख्या वाचून झाली, चार प्रश्नांची उत्तरं मिळाली, की स्वतःला विचारा: घरी, बाजारात, कार्यालयात हेच सांगायचं असतं तर मी काय म्हटलं असतं? पुस्तकी प्रतिशब्द टाळा. बोलीतला शब्द बहुतेक वेळा जास्त अचूक बसतो, कारण त्यात मत आणि छटाही येते.

काही जोड्या पाहा:

- फ्रूगल: काटकसरी. स्टिंजी: चिक्कू. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात नापसंती, दोन्ही भाषांत.
- गलिबल: भोळसट. इनोसंट: निरागस.
- इव्हेसिव्ह: उडवाउडवीचं. 'इव्हेसिव्ह आन्सर' म्हणजे तंतोतंत उडवाउडवीचं उत्तर.
- पर्फंक्टरी: पाट्या टाकल्यासारखं केलेलं.
- ऑब्सिक्वियस: लाळघोट्या, पुढेपुढे करणारा.
- प्रोक्रॅस्टिनेट: चालढकल करणे.
- मेटिक्युलस: काटेकोर.

'पर्फंक्टरी'पुढे छापील कोशात 'वरवरचा' किंवा 'यांत्रिक' असा अर्थ सापडेल. तोही बरोबर, पण 'पाट्या टाकणे' म्हटल्याबरोबर तपासणी न करता सही ठोकणारा माणूस समोर उभा राहतो, आणि 'अ पर्फंक्टरी इन्स्पेक्शन' हा शब्दप्रयोग कायमचा लक्षात राहतो.

सगळेच शब्द असे चपखल बसत नाहीत. 'अकाउंटेबिलिटी'साठी 'जबाबदारी' लिहिली तर 'रिस्पॉन्सिबिलिटी'शी टक्कर होते. तिथे एका शब्दाचा हट्ट सोडा आणि वाक्यांश लिहा: केलेल्या कामाचा जाब द्यायची बांधिलकी. दहा शब्दांपर्यंत लांबला तरी चालेल.

5. शब्दाची सोबत टिपा

प्रत्येक अवघड शब्दाचे ठरलेले सोबती असतात. अर्थ बरोबर आणि सोबत चुकीची असेल, तर वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतं. तीन गोष्टी टिपा.

पहिली, पुढे येणारं शब्दयोगी. 'अडेप्ट अ‍ॅट', 'अव्हर्स टू', 'डिव्हॉइड ऑफ', 'फ्रॉट विथ', 'कन्ड्यूसिव्ह टू', 'कमेन्शरेट विथ'. हे तुकडे अखंडच पाठ करा. 'डिव्हॉइड' एकटा लिहूच नका.

इथे मराठीची पकड जाणवते. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहिलं जातं. एखाद्या मुद्द्यावर भर देतो म्हणून 'एम्फसाइज ऑन'. दोन्ही चूक. गंमत अशी की नामरूप घेतलं तर शब्दयोगी लागतं: 'डिस्कशन अबाउट', 'एम्फसिस ऑन', 'डिमांड फॉर' बरोबर, 'डिस्कस', 'एम्फसाइज', 'डिमांड' या क्रियापदांपुढे थेट कर्म. ही एक खूणगाठ बांधली तर निम्म्या चुका टळतात. 'कम्प्राइज ऑफ', 'कोप अप विथ' आणि 'डिस्पाइट ऑफ' हे तिन्ही प्रयोगही वहीतून कायमचे काढून टाका. 'कम्प्राइज', 'कोप विथ', 'डिस्पाइट' एवढंच पुरतं.

दुसरी, मोजता येणारं नाम की न येणारं. कोशात 'सी' आणि 'यू' ही अक्षरं त्यासाठीच असतात. मराठीत आपण पुरावे, सल्ले, संशोधनं असं अनेकवचन बिनदिक्कत करतो. इंग्रजीत 'एव्हिडन्स', 'अ‍ॅडव्हाइस', 'एक्स्पर्टीज', 'स्क्रुटिनी', 'लीवे' यांना 'एस' लावायचा नाही.

तिसरी, जागा. काही विशेषणं फक्त नामाआधी येतात, जसं 'मिअर'. काही नामाआधी येतच नाहीत: 'डिव्हॉइड', 'रायफ'. 'अ रायफ करप्शन' होत नाही. 'करप्शन वॉज रायफ' होतं. कोशात याची नोंद असते, ती शब्दाशेजारी उतरवा.

6. तीन वाक्यं: एक उतरवलेलं, एक भेटलेलं, एक स्वतःचं

पहिलं वाक्य कोशातलं जसंच्या तसं उतरवा. दुसरं, जिथे शब्द भेटला तिथलं. तिसरं तुमचं.

स्वतःचं वाक्य करताना सुरुवातीला साचा मोडू नका, फक्त नामं बदला. कोशात 'अ‍ॅलिव्हिएट द सफरिंग ऑफ द पुअर' असेल तर तुम्ही 'अ‍ॅलिव्हिएट द सफरिंग ऑफ ड्राउट-हिट फार्मर्स' लिहा. साचा बरोबर, आशय तुमच्या ओळखीचा.

मग वाक्याची परीक्षा घ्या. शब्दावर बोट ठेवून वाक्य दुसऱ्याला वाचायला द्या. 'शी इज ____' एवढ्यावरून कोणी 'मेटिक्युलस' ओळखणार नाही; तिथे टॉल, टायर्ड, काहीही बसेल. आता हे बघा: 'शी इज ____ अबाउट द अकाउंट्स, शी चेक्स एव्हरी बिल ट्वाइस.' इथे जागा भरायला दोन-तीनच शब्द उरतात. वाक्यातून अर्थाचा अंदाज येतो, ते वाक्य ठेवा. येत नसेल तर कारण, परिणाम किंवा विरोध सांगणारा एक तुकडा जोडा.

स्वतःचं वाक्य बरोबर आहे का, हे कसं कळणार? त्यातला तीन-चार शब्दांचा मधला तुकडा अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. बातम्या, विद्यापीठं, मासिकं अशा ठिकाणी तो सापडला तर निश्चिंत व्हा. सापडलाच नाही तर कोशातला साचा पुन्हा बघा. एआय चॅटबॉटला विचारायचं असेल तर 'हे बरोबर आहे का' असं विचारू नका, तो सहज हो म्हणतो. 'यातला कोणता शब्दप्रयोग अनैसर्गिक आहे आणि त्याऐवजी काय येईल' असं विचारा, आणि उत्तर कोशात पडताळा.

7. उच्चार त्याच दिवशी

स्पेलिंगवरून उच्चाराचा अंदाज बांधणं थांबवा. 'एपिटमी' हा शब्द वाचताना 'एपिटोम' वाटतो, 'हायपरबली' 'हायपरबोल' वाटतो, 'इन्डाइट' 'इंडिक्ट' आणि 'अराय' 'ऑरी'. कोशातल्या स्पीकरच्या चिन्हावर दाबा, तीनदा ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा.

देवनागरीत उच्चार लिहायला हरकत नाही. 'अ‍ॅ' आणि 'ऑ' आपल्याकडे आहेतच, आणि 'जरा'मधला ज इंग्रजी झेडच्या बराच जवळ जातो. पण देवनागरीत आघात दिसत नाही, म्हणून ज्यावर जोर पडतो तो अवयव अधोरेखित करा. शब्दाचं रूप बदललं की आघात सरकतो: 'अ‍ॅम्बिग्युअस'मध्ये जोर 'बि'वर, 'अ‍ॅम्बिग्युइटी'मध्ये 'ग्यु'वर. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही आपण 'व'नेच लिहितो, तेव्हा तिथे मूळ स्पेलिंगकडे लक्ष ठेवा.

'डिस्क्रीट' हा उच्चार दोन शब्दांचा आहे. एकाचा अर्थ बोभाटा न करणारा, दुसऱ्याचा सुटा-सुटा. स्पेलिंगच्या शेवटी जिथे दोन 'ई'मध्ये 'टी' घुसून त्यांना वेगळं करतो, तो सुटा-सुटा. दोन्ही 'ई' एकत्र असतील तर तो पहिला.

8. कार्ड कसं बनवायचं

एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ, हे कार्ड ओळख करून देतं, वापर शिकवत नाही. त्याऐवजी पुढच्या बाजूला गाळलेली जागा असलेलं वाक्य ठेवा. 'मिटिगेट'चं कार्ड असं:

पुढची बाजू: 'ट्रीज कॅननॉट स्टॉप अ फ्लड, बट दे कॅन एम____ द डॅमेज.' खाली सूचना: तडाखा पूर्ण टळत नाही, तीव्रता घटते.

मागची बाजू: मिटिगेट. क्रियापद, कर्म लागतंच. सोबती: रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, इफेक्ट्स. पाटी: फॉर्मल. नाम: मिटिगेशन. झळ कमी करणे. कोर्टात: 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस', शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती. सावध: 'मिटिगेट अगेन्स्ट' नाही; तो शब्द 'मिलिटेट'.

पहिलं अक्षर पुढच्या बाजूला मुद्दाम दिलंय. ते नसेल तर 'रिड्यूस' हेही बरोबर उत्तर ठरतं आणि कार्ड फसतं.

अँकीत यासाठी 'क्लोज' नावाचा प्रकार निवडा. शब्द निवडून बटण दाबलं की गाळलेली जागा तयार होते. नव्या कार्डांची मर्यादा तिथे मुळात रोज 20 असते, ती पहिल्याच दिवशी 5 वर आणा. दुसऱ्याने बनवलेले हजार-हजार कार्डांचे आयते संच उतरवून घेऊ नका. कार्ड बनवताना जी पंधरा मिनिटं जातात, त्यातच निम्मं शिकणं होतं.

9. उजळणीचं वेळापत्रक

शिकल्यानंतर 1, 3, 7, 16 आणि 35 व्या दिवशी तोच शब्द पुन्हा समोर यायला हवा. अँकी हे स्वतः मोजतं. कार्डं कागदी असतील तर बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारांनी 1970च्या दशकात ही पद्धत लोकांपुढे आणली. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात.

प्रत्येक शब्दाच्या पाच फेऱ्या आणि रोज पाच शब्द, म्हणजे गाडी रुळावर आली की रोज साधारण 25 कार्डं, चुकलेली धरून 30 ते 35. पंधरा मिनिटांत होतात.

उत्तर तोंडाने म्हणा, मगच कार्ड उलटा. 'येत होतंच की' असं वाटून कार्ड पुढे सरकवणं ही सगळ्यात मोठी फसवणूक आहे. एकच कार्ड सारखं चुकत असेल तर दोष कार्डात शोधा. अँकीत आठ वेळा चुकलेलं कार्ड 'लीच', म्हणजे जळू, ठरतं. अशा कार्डामागे बहुतेक वेळा एखादा जुळा शब्द असतो: 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब', 'इमिनंट' आणि 'एमिनंट', 'अव्हर्स' आणि 'अ‍ॅडव्हर्स'. जुळ्यांना एकाच आठवड्यात घेऊ नका. पहिला पक्का झाल्यावर किमान तीन आठवड्यांनी दुसरा घ्या, नवं वाक्य घालून.

10. मूळ धातू: आधाराला, पुराव्याला नाही

लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करणं अनेकांना कंटाळवाणं वाटतं, पण मराठी माणसाला त्यातली बरीच आधीच माहीत असतात, कारण ती संस्कृतची भावंडं आहेत. 'इग्नाइट'मध्ये अग्नी आहे, 'मॉर्टॅलिटी'त मृत, 'नॉव्हिस'मध्ये नव, 'पेडेस्ट्रियन'मध्ये पद. 'प्रोजेनी' आणि 'प्रजा' यांची घडण सारखीच, 'प्र' अधिक 'जन्'. 'अ‍ॅनॉनिमस' म्हणजे अनाम. असा दुवा सापडला तर कार्डाच्या कोपऱ्यात लिहा.

मुळावरून अर्थ मात्र ठरवू नका. 'पेडेस्ट्रियन'चा दुसरा अर्थ आहे नीरस, चमक नसलेलं. 'अ पेडेस्ट्रियन स्पीच' म्हणजे पायी चालत केलेलं भाषण नव्हे. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे अनमोल, निरुपयोगी नाही. 'इन्फ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ पेट घेणारं, आणि टँकरवरची ती पाटी चुकीची वाचली तर जीवावर बेतू शकतं.

11. परीक्षेसाठी तयारी करत असाल तर

एसएससीसारख्या स्पर्धा परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द थेट विचारतात, त्यामुळे तिथे मागच्या बाजूला एक समानार्थी आणि एक विरुद्धार्थी शब्द वाढवा. बाकी पद्धत तीच.

जीआरईत 2011 पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद झालं. आता शब्द येतो तो वाक्यातच. 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स' प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा व्हावा. एक बरोबर आणि एक चूक असेल तर गुण शून्य. वरच्या तिसऱ्या पायरीतला 'फरक कुठे' हा प्रश्न इथे थेट कामाला येतो.

आयएल्ट्सच्या लेखनात आणि बोलण्यात शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण आहेत. तपासणारे शब्द किती जड आहे एवढंच मोजत नाहीत. तो जागेवर बसलाय का, सोबत बरोबर आहे का, हे पाहतात. 250 शब्दांच्या निबंधात नीट बसलेले सहा-सात अवघड शब्द पुरेसे. 'यूज' चालत असेल तिथे 'युटिलाइज' कोंबू नका. ज्या शब्दाची पाचवी फेरी पूर्ण झाली नाही, तो परीक्षेत वापरू नका.

12. खंड पडला तर

दिवाळीत किंवा घरच्या लग्नात आठवडा-दहा दिवस जातातच. परत आल्यावर अँकीत दोनशे कार्डं साचलेली दिसतात आणि बरेच जण त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकतात. तसं करू नका. नवे शब्द पूर्ण थांबवा, नव्या कार्डांची मर्यादा शून्यावर आणा आणि उजळणीची मर्यादा रोज 40 ठेवा. रोज काही कार्डांची तारीख नव्याने येत राहते, तरी साधारण आठ-दहा दिवसांत साठा आटोक्यात येतो. मग पहिले तीन दिवस दोन-दोन नवे शब्द घ्या आणि चौथ्या दिवसापासून पुन्हा पाच.